हुडकेश्वर ते मुळकी, मार्गे मडगाव

२ नोव्हेंबर

डेपोनं निरोप देताना शाल दिली, नारळ दिला अन् ही कोरी डायरी दिली. शाल पोरीनं नेली, नारळाची बर्फी झाली, डायरी मात्र फ्रीजवर धूळ खात होती. आज काढली. काहून का आज घरात माझ्याशी कोणी बोलून नाही राहिलं, अन् मले तर बोलल्याशिवाय करमत नाही.

झालं असं. आज तुळशीचं लग्न. दरवर्षी या दिवशी कोणी ना कोणी आमची मजा घेते, की तुळसाबाई अन् शालिकराम, तुमचं लग्न तर देवानंच जुळवलं. पोरगी अपेक्षा अन् जावई जेवायले आले होते. मी पुऱ्या तळता तळता सांगून टाकलं, "डॉक्टरनं मार्चमधी गुडघा बदलायचा म्हटलं आहे ना, त्याच्या पहिले मले समुद्रावर जायचं आहे."

"जा ना आई, मस्त फिरून ये," अपेक्षा म्हणाली.

"फिरायले नाही. लाटेवर उभं राहायले."

ड्रायव्हरनं हातातली पुरी ताटात ठेवली. ड्रायव्हर म्हणजे माझे नवरे. पंधरा वर्षं ते माझ्याच गाडीवर ड्रायव्हर होते, मी कंडक्टर. तोंडावर मी अहो म्हणते, पण डायरीत ड्रायव्हरच लिहीन, इथं कोण पाहते.

मग मी सगळं सांगितलं. मागच्या वर्षी कॉलनीतल्या बायांसोबत जगन्नाथपुरीले गेली होती. साऱ्या जणी उगवत्या सूर्याले हात जोडून उभ्या. मले दिसली एक बाई. केस पांढरे, पायाखाली फळी, फळीखाली लाट, अन् दोन्ही हात मोकळे. काठापर्यंत आली अन् स्टॉप आल्यावर उतरावं तशी उतरून चालायले लागली. तेव्हाच डोक्यात बसलं. हे काम तर मी पंचवीस वर्षं केलं. काटोल, सावनेर, खापा, त्या रस्त्यावर असा एक खड्डा नाही जो माझ्या पायाले माहीत नाही. एका हातात तिकिटं, दुसऱ्या हातात सुट्टे, दांडा कधी धरला नाही.

अपेक्षा म्हणाली, "आई, वय काय तुझं आता." जावई मोबाईलमधी पाहायले लागले. ड्रायव्हर म्हणे, "पाण्याशी खेळ नाही करायचा." एवढंच बोलले अन् उठून गेले. त्यायची बासुंदी तशीच राहिली. मी माझीबी खाल्ली अन् त्यायचीबी.

५ नोव्हेंबर

आज सकाळपासून भांडण. ड्रायव्हर म्हणे, "नागपुरात राहतो आपण, देशाच्या मधोमध, झिरो माईलवर. इथून समुद्र चारी बाजूनं दूर. तुले कुठून सुचलं हे."

हेच तर मी म्हणून राहिली. ज्याच्या दारात समुद्र आहे त्याले तोच एक समुद्र. त्यात लाट नसली का बसला हात चोळत. आमच्या दारात एकही नाही, म्हणून सगळेच आमचे. पुरीची गाडी इथून भेटते, विशाखापट्टणमची भेटते, चेन्नईची भेटते, मडगावची भेटते. कोणत्या फलाटावर जायचं एवढंच ठरवायचं. असं म्हटल्यावर ते ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळानं तिथूनच म्हणे, "खाप्याच्या रस्त्यावरचा तो नाला आठवते का?"

आठवते ना. भरला पावसाळा, पुलावरून पाणी चाललं होतं, गाडी खचाखच. लोक ओरडून राहिले, निघते निघते, एवढुसं तर पाणी आहे. यायनं इंजिन बंद केलं अन् किल्ली खिशात टाकली. आईबहिणीवरून शिव्या खाल्ल्या. आमच्या कामात कंडक्टरनं दोनदा दोरी ओढली का डबल बेल, गाडी सुटते. एकदा ओढली का थांबते. त्या दिवशी मी दोरीले हातच नाही लावला. दुपारी आमच्या डोळ्यांदेखत पुलाचा अर्धा कठडा वाहून गेला.

"भेलो म्हणून भरली गाडी घरी गेली," ड्रायव्हर म्हणे. "मले भ्यायची लाज नाही."

लाज नसू दे. पण मी खाप्याची आहे, कन्हान नदीमधी पोहत मोठी झाली. यायले तर पोहता येत नाही. आंघोळीच्या बादलीपलीकडं ज्यानं पाणी पाहिलं नाही त्यानं मले पाणी शिकवू नये. असं मी तोंडावर म्हटलं. जरा जास्तच लागलं असेल, पण म्हटलं.

१७ नोव्हेंबर

सगळीकडं फोन लावले. मोबाईलवर पाहिलं तर जिथं तिथं लाटेवर उभं राहायले शिकवणारे बसले आहेत. मी सरळ कंट्रोल केबिनले विचारावं तसं विचारलं. तळाशी रेती का गोटे? पाणी मागं ओढते का? सकाळी वारा कुठून येते?

पुरीवाला खरा माणूस निघाला, म्हणे अम्मा, इथं काठ एकदम खोल होते, पहिल्यांदा नका येऊ. केरळात एके ठिकाणी समुद्र चांगला पण कड्यावरून पायऱ्या उतराव्या लागतात. माझ्या गुडघ्यानं फोनवरच नाही म्हटलं. चेन्नईच्या खाली लाटा मोठ्या. गोव्याले गर्दी. मालवणवाला म्हणे, या दिवसात आमच्याकडं तळ्यासारखं असते, पोहा, मासे खा. मासे खायले मी नागपुरातच बरी.

विशाखापट्टणमचा माणूस चांगला बोलला. बुकिंग करून टाकलं, डिसेंबरचा पहिला आठवडा, मी अन् अपेक्षा. अपेक्षा म्हणते मी फक्त काठावर बसणार. ड्रायव्हरले सांगितलं तर हूं म्हणाले. परवानगी मी मागितलीच नव्हती.

३० नोव्हेंबर

विशाखापट्टणमहून फोन. अम्मा, मत आओ. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं, काठावर लाल झेंडा लागला.

टीव्हीवर तेच चालू होतं, नारळाची झाडं आडवी होऊन राहिली. मले वाटलं आता ड्रायव्हर म्हणतील, सांगत नव्हतो. त्यायनं टीव्ही बंद केला अन् तिकिटं रद्द करायले स्वतःच स्टेशनवर गेले. मनातून भल्ले खूश असतील. मी मोबाईलवर करून घेतलं असतं, पण यायले खिडकीशी उभं राहायची सवय.

रडली थोडी. लिहून ठेवते, खोटं काय लिहायचं.

४ डिसेंबर

रडून झालं. आता डोकं लावलं.

चूक माझीच होती. मी जागा पाहिली, हंगाम पाहिला नाही. काटोलच्या कोणत्याही संत्रावाल्याले विचारलं तर तो सांगेल, एका झाडाकडून दोन्ही बहार घ्यायचे नसतात. आंबिया घ्यायचा तर मृग सोडावा लागते. समुद्राचंही तेच. पूर्वेकडचा किनारा अन् पश्चिमेकडचा, दोन वेगळे बहार. या दिवसात पूर्वेकडं वादळाचा भरवसा नाही. पश्चिमेकडचा समुद्र पावसाळ्यात बेभान, पण आता निवलेला. शिकणाऱ्याले निवलेलाच पाहिजे.

मुळकी म्हणून गाव आहे, मंगळूरच्या अलीकडं. मडगावहून पुढं गाडी जाते. तिथल्या दिवाकर नावाच्या माणसाले फोन केला, चाळिशीतला असेल, आवाजावरून. म्हणे नदी समुद्राले मिळते तिथं रेतीचा पट्टा आहे, लाट छोटी असते पण लांब चालते. मी विचारलं, किती छोटी? म्हणे, "अम्मा, कमर तक." कमरेइतकी लाट मले पुरते.

अन् दिवस मीच ठरवला. पुनवेले अन् अवसेले पाणी जास्त ओढते, अष्टमीले शांत. हे मले कोणी शिकवायची गरज नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेलं आहे. माघ वद्य अष्टमी, फेब्रुवारीची नऊ तारीख. दिवाकर म्हणे, अम्मा, तुम्हाले कोणी सांगितलं? म्हटलं, चतुर्थीचा चंद्र कधी निघते ते पाहून आमी जेवतो, मले चंद्र नको शिकवू.

१३ डिसेंबर

ड्रायव्हरचं काहीतरी नवीन चालू आहे. रिटायर झाल्यापासून ज्या माणसानं ओट्याखाली पाय नाही ठेवला, तो आता रोज सकाळी अंधारात थैली घेऊन फिरायले जाते. कुठं जाता विचारलं तर म्हणे बागेत. आल्यावर डोळे लालभडक. अंगाले फरशी पुसायच्या औषधासारखा वास. बागेत काय फरशी पुसतात?

विचारलं तर चहा मागतात. मीबी मग विचारलं नाही. माझ्या समुद्राचं त्यायनं विचारलं का कधी.

२० डिसेंबर

दीप्ती टेलरकडून पाण्यातला ड्रेस शिवून आणला. लांब बाह्या, खाली पायापर्यंत, ताणून धरणारं कापड. शेजारच्या रुखमाबाईनं पाहिलं अन् म्हणे, "तुळसाबाई, हे घालून चारचौघात जाणार?" म्हटलं, चारचौघात मी पंचवीस वर्षं खाकी घालून गेली, तेव्हा तुमी माझ्याकडूनच तिकीट घेत होत्या.

गच्चीवर गादी टाकून सराव चालू आहे. दिवाकरनं व्हिडिओ पाठवला. पालथं पडायचं, उजवा गुडघा टेकवायचा, डावा पाय पुढं, मग उभं राहायचं. दुखते, पण उठते मी.

तोल राहावा म्हणून आज हुडकेश्वरहून सीताबर्डीपर्यंत सिटी बसमधी उभी राहून गेली, काही न धरता. जागा रिकाम्या होत्या. कंडक्टर पोट्टा ओरडला, "मावशी, बसा नाहीतर दांडा धरा, पडसान." मी म्हटलं, "बाळा, तुह्या जन्माच्या पहिलेपासून मी उभी आहे." मेडिकल चौकात बसवाल्यानं असा ब्रेक मारला का चार कॉलेजची पोरं एकमेकांवर पडली. मी नाही हालली. पोट्टा उतरताना म्हणे, मावशी, कोणत्या डेपोच्या?

१४ जानेवारी

संक्रांत. साऱ्या हुडकेश्वरच्या गच्च्या भरल्या, दुपारभर ओ काट चालू. पतंगवाले आभाळाकडं पाहून वारा मागून राहिले. मले वारा नको. दिवाकर म्हणते, चांगली लाट वाऱ्याची नसते, दूर कुठं तरी उठते अन् शांत पाण्यातून चालत येते. दुपारी समुद्राकडून वारा सुटला का लाटेचा भुगा होते. म्हणून पहाटेच उतरायचं. पतंग दुपारी, लाट सकाळी.

ड्रायव्हर आजारी. सर्दी, कान दुखते, कानात कापूस. ओट्याच्या मागं दोरीवर ओला टॉवेल सापडला, घरातला टॉवेल तर न्हाणीत होता. या थंडीत बाहेर कुठं आंघोळ करतात देव जाणे. मले तर साफ दिसून राहिलं. मी जाऊ नये म्हणून मुद्दाम बिमार पडून राहिले. सर्दी करून बायकोले थांबवायचं. तिळाचं तेल गरम करून कानात घातलं अन् सांगितलं, "तुमी कितीही शिंका, मी नऊ तारखेले पाण्यात उतरणार."

ते हसले. अडीच महिन्यांत पहिल्यांदा हसले अन् तेबी कापूस घालून.

२८ जानेवारी

अपेक्षा येत नाही, नातीची परीक्षा आहे. म्हणून तिकीट एकच काढायले बसली तर ड्रायव्हर म्हणे, "दोन काढ."

"तुमी कशाले? पाण्याशी खेळ नाही करायचा ना."

"सामान पाहायले कोणी लागते का नाही?"

घ्या. पंधरा वर्षं ज्या माणसानं गाडीत मागं काय चाललं हे एकदा वळून पाहिलं नाही तो आता सामान पाहणार. मी दोन काढली. कॅलेंडरवर कोणीतरी अष्टमीच्या भोवती पेनानं गोल केला आहे. गॅसवाल्याची तारीख असेल.

७ फेब्रुवारी, गाडीत

ड्रायव्हर खिडकीत बसून बोगदे मोजून राहिले. मधूनच म्हणे, "या इंजिनवाल्याचा हात चांगला आहे." त्यायच्या थैलीत काय आहे दाखवत नाहीत. धपाटे अन् लोणचं संपलं. गुडघा सुजला आहे. सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी, मुळकी

अष्टमी. समुद्र शांत, जसा कॅलेंडरनं सांगितला तसा.

दिवाकर काळा, आडवा, मासेमाऱ्याचं घर. होडीनं नदी ओलांडून पलीकडच्या रेतीवर नेलं. फळी माझ्याहून दीडपट लांब. फळीच्या शेपटीपासून एक दोरी निघते, ती पायाच्या घोट्याले बांधायची, म्हणजे पडलो तरी फळी पळून जात नाही. मले घंटीची दोरी आठवली. ड्रायव्हर रेतीवर छत्री लावून बसले, पॅन्ट-शर्ट, पायात मोजे. दोन चपला, एक थैली अन् पाण्याची बाटली, एवढं सामान पाहून राहिले.

पहिली लाट. दिवाकरनं धक्का दिला, मी गुडघा टेकवला, उठली. उठली अन् पडली. दुसरी, तिसरी, तेच. उभी राहते, अन् राहिली राहिली म्हणेपर्यंत धपकन पाण्यात. खारं पाणी नाकातून डोक्यात गेलं. पुरीची बाई सोपं दाखवत होती.

१० फेब्रुवारी

आज नदीच्या तोंडाशी मोठी लाट होती म्हणून मी हट्टानं तिथं गेली. पाण्यानं मले असं बाजूले ओढलं की दिवाकरले पोहत यावं लागलं. काठावर आली तर ड्रायव्हर उभे होते, मोजे ओले. पाण्याच्या एकदम जवळ आले होते. म्हटलं सामान तिकडं एकटं पडलं आहे. ते मोजे पिळून राहिले.

दिवाकर म्हणे, "अम्मा, आप हर बार पीछे क्यों देखते हो? जिधर देखोगे उधर गिरोगे."

मी म्हटलं मी नाही पाहत. त्यानं मोबाईलवर दाखवलं. खरंच. उभी राहिली का माझी मान गर्रकन मागं.

११ फेब्रुवारी

दिवसभर आज पाण्यात नाही उतरली. रेतीवर बसून लाटा पाहिल्या. कोणती गाडी कुठं थांबते हे स्टँडवर बसून कळते तसं कळलं. नदीच्या तोंडाशी लाट मोठी, पण पाणी आत ओढते. मोठ्या काठाशी लाट एकदम आपटते. मधी एक निळी होडी पालथी घातली आहे, तिच्या समोर लाट हळू फुटते अन् लांब चालत येते, पाणी चढत असते तेव्हा तर एकदम सरळ. दिवाकरले म्हटलं, "उद्या इथं. उजाडल्यावर, पाणी चढताना." त्यानं पाण्याकडं पाहिलं अन् म्हणे, ठीक है अम्मा.

जागा भेटली, वेळ भेटली. मानेचं काय करू? उद्याचा शेवटचा दिवस, परवा गाडी, मार्चमधी ऑपरेशन. नवीन गुडघा घेऊन डॉक्टर मले फळीवर चढू देणार नाही, त्यानं आधीच सांगितलं आहे.

जेवताना ड्रायव्हरवरच काढला सारा राग. "पंचवीस वर्षं मी गाडीच्या तोंडाकडं पाठ करून उभी राहिली. समोरचं तुमचं, मागचं माझं. उतरणारा उतरला का, पोरगं दारात तर नाही, म्हातारीचा पदर तर अडकला नाही. मागं पाहिल्याशिवाय मी एकदाही डबल बेल दिली नाही. अन् आता म्हणतात मागं पाहू नको. मग मागचं कोण पाहील?"

यायनं वाटी पुढं केली अन् ताक मागितलं. मले इतका राग आला की मी ताक दिलंच नाही. त्यायनं उठून स्वतः घेतलं.

१२ फेब्रुवारी

उद्या गाडी आहे, म्हणून आजच लिहिते.

उजाडता उजाडता निळ्या होडीसमोर उतरलो. वारा नव्हता. पाणी चढून राहिलं होतं. पहिल्या दोन लाटांवर मी पडली, मान मागंच. तिसऱ्यांदा फळीवर पालथी होऊन वाट पाहत होती तर दिवाकर काठाकडं पाहून म्हणे, "अंकल?"

ड्रायव्हरनं शर्ट काढला होता. त्याची घडी केली, चपलांवर ठेवली, पॅन्ट काढली, तिचीबी घडी केली. आत पोहायची निळी चड्डी, वापरून रंग गेलेली. मी म्हटलं याले वेड लागलं का. ते पाण्यात आले. गुडघाभर, मांडीभर, कमरेभर. मी ओरडली, "अहो, परत जा." एक लाट समोरून आली अन् या माणसानं नाक धरलं अन् डोकं खाली घातलं. पलीकडून निघाले अन् पोहायले लागले. धड नाही, एक पाय इकडं एक तिकडं, तोंड फुगवून, पण पोहत. माझ्या फळीपर्यंत पोहत आले अन् शेपटी धरून उभे राहिले. पाणी छातीपर्यंत. डोळे लालभडक.

ते डोळे मी डिसेंबरपासून पाहून राहिली होती. तो पोहायच्या तलावातल्या औषधाचा वास, तो ओला टॉवेल, तो कानातला कापूस. अन् मी म्हटलं होतं मुद्दाम बिमार पडून राहिले. मले तिथंच, पाण्यात पालथ्या पालथ्या, रडू आलं.

"कधी शिकले?"

"ते घरी जाऊन भांड," म्हणे. दात वाजत होते. "समोर पाह."

"अन् मागं?"

"मागचं मी पाहून राहिलो."

त्यायनं धरलेली फळी थरथरत होती अन् पाणी तर शांत होतं. भेलेलेच होते ते. भेलेला माणूस छातीभर पाण्यात उभा राहून मले म्हणते समोर पाह. दिवाकर बाजूले झाला, त्यानं फक्त आवाज दिला, "अम्मा, ये वाली."

लाट आली. ड्रायव्हरनं फळी ढकलली अन् माझ्या घोट्याची दोरी ओढल्या गेली. एकदा. दोनदा.

डबल बेल. मी गुडघा टेकवला, डावा पाय पुढं, उठली. फळीनं असा वेग घेतला जसा चढ संपल्यावर गाडी घेते. पाय आपोआप बसले, खाप्याच्या रस्त्यावर बसायचे तसे. मान वळायले लागली. मागं तो माणूस आहे, दोन महिने पोहायले शिकलेला, दुसरी लाट त्याच्यावर आली असेल तर? मी नाही पाहिलं. मागचं त्यायनं घेतलं होतं. मी समोर पाहिलं. निळी होडी, आमच्या चपला, घडी केलेला शर्ट, सगळं माझ्याकडं येत होतं, अन् माझे दोन्ही हात मोकळे होते. फळी रेतीले लागली तेव्हा मी उभीच होती. आरामात उतरली.

मग मागं पाहिलं. ड्रायव्हर तिथंच होते, छातीभर पाण्यात, दोन्ही हात वर. हातांनी तोंड पुसलं, अन् लाटांच्या वरून त्यायचा आवाज आला, जो पंधरा वर्षं इंजिनच्या वरून यायचा.

"काहून उतरली वं? स्टॉप कुठं आला होता?"

मी फळी वळवली अन् परत पाण्यात गेली.